पथक कागदावर, माणसे एकेकटी

एखाद्या लहानशा खेड्यातील अंगणवाडीच्या खोलीत लसीकरणाचे सत्र भरलेले असते. आरोग्य सेविका पेटीतून गोवर-रुबेलाच्या लसीची कुपी काढते, तीत थंड द्रावक मिसळते आणि कुपीवर वेळ लिहून ठेवते. त्या क्षणापासून चार तासांच्या आत लस वापरली गेली पाहिजे. उरलेली फेकून द्यायची, असा दंडक आहे आणि तो शास्त्राला धरून आहे. पण हे चार तास सुरू होण्यापूर्वी किती हातांनी काम केलेले असते, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा पाहून कोणी तरी ते दोन ते आठ अंशांच्या दरम्यान राखलेले असते. बर्फाच्या पिशव्या भरून लसीची पेटी वेळेवर गावात पोहोचवण्याचे काम दुसऱ्या कोणी तरी केलेले असते. कोणत्या घरी कोणते बालक कोणत्या लसीसाठी पात्र झाले आहे, याची यादी आशा कार्यकर्तीने घरोघर फिरून केलेली असते. अंगणवाडी सेविकेने खोली उघडून दिलेली असते, आणि शेतावर निघालेल्या आयांना तासभर थोपवून धरलेले असते. यांपैकी एकाने जरी हात आखडता घेतला, तरी शेवटी बालक लसीवाचून राहते. किंवा त्याहूनही वाईट म्हणजे, उष्णतेने निष्प्रभ झालेली लस त्याला टोचली जाते आणि काम झाल्याची नोंद मात्र होते.

पुढे केव्हा तरी गावात गोवराची साथ येते, चौकशी होते, आणि जबाबदार कोण असा प्रश्न निघतो. तेव्हा चमत्कारिक गोष्ट अशी दिसते की, प्रत्येकाची नोंदवही पूर्ण आहे. ज्याने त्याने आपापले काम केले आहे. काम बिघडले आहे ते दोन नोंदवह्यांच्या मधल्या जागेत. आणि त्या जागेची जबाबदारी कोणाकडेच सोपवलेली नाही.

प्राथमिक आरोग्यसेवेची चर्चा आपल्याकडे बहुधा इमारती, औषधे आणि रिक्त पदे या तीन विषयांभोवती फिरते. ते तिन्ही विषय महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु इमारत उभी आहे, औषधे आली आहेत, बहुतेक पदेही भरलेली आहेत, आणि तरीही एक केंद्र लोकांच्या विश्वासास पात्र ठरते व दहा मैलांवरचे दुसरे ठरत नाही, याचा उलगडा या तीन विषयांतून होत नाही. तो शोधायचा तर तेथे काम करणाऱ्या माणसांचे परस्परांशी नाते कसे आहे, ती एकमेकांशी बोलतात की नाही, चूक झाली तर ती सांगण्याचे धैर्य त्यांना होते की नाही, हे पाहावे लागेल. यालाच सहकार्याचे वातावरण म्हणतात. हा शब्द काहीसा धूसर वाटतो. परंतु त्यामागची गोष्ट धूसर नाही. तिचा हिशेब शेवटी माता आणि बालके यांच्या जिवाशी भिडतो.

संकल्पना जुनी, व्यवहार वेगळा

आरोग्यसेवा ही एकट्या डॉक्टराची नव्हे, तर पथकाची कामगिरी आहे, हा विचार भारताला नवा नाही. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्रतिबंध आणि उपचार यांची एकाच ठिकाणी सांगड घालणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजनेबरोबर अशी केंद्रे उभी राहू लागली. परंतु त्यानंतरच्या दोन दशकांत हिवताप, देवी, कुटुंबनियोजन असे एकेक स्वतंत्र कार्यक्रम आले आणि प्रत्येकाने आपापला कर्मचारी, आपापली नोंदवही आणि आपापला वरिष्ठ बरोबर आणला. एकाच उंबरठ्यावर आज हिवतापाचा माणूस, उद्या देवीची लस टोचणारा, परवा कुटुंबनियोजनाची बाई, अशी रीघ लागली. आणि यांपैकी कोणालाही त्या घराची संपूर्ण माहिती नसे. ही विसंगती ओळखूनच १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याची शिफारस केली. आजचे आरोग्य सेवक आणि आरोग्य सेविका हे त्या शिफारशीचेच फलित होय. १९७८ च्या सप्टेंबरात अल्मा-आटा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्यातही डॉक्टर, परिचारिका, सुईणी, साहाय्यक आणि गावपातळीवरील कार्यकर्ते यांनी एक पथक म्हणून काम करावे, अशी अपेक्षा स्पष्टपणे व्यक्त झाली.

म्हणजे विचार पन्नास वर्षांहून जुना आहे. तो व्यवहारात का उतरला नाही? त्याचे एक कारण असे की, शासनाने माणसे निर्माण केली. त्यांना जोडणारा दुवा मात्र आपोआप निर्माण होईल असे गृहीत धरले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि साधारण हजार वस्तीमागे एक आशा कार्यकर्ती नेमली गेली. तिच्यावर देखरेख करण्यास गटप्रवर्तक आल्या. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. प्रत्येक पाऊल आपल्या जागी योग्यच होते. परंतु घरात नवा माणूस आला की जुन्या माणसांच्या जागा, अधिकार आणि मान यांची फेरमांडणी करावी लागते, हे कोणत्याही कुटुंबाला ठाऊक असलेले सत्य शासनाच्या ध्यानात फारसे राहिले नाही. वीस वर्षे एकटीने उपकेंद्र सांभाळणाऱ्या, गावातल्या निम्म्या मुलांची नाळ जिने कापली त्या आरोग्य सेविकेसमोर एके दिवशी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा केलेला, तिच्या मुलाच्या वयाचा अधिकारी येऊन बसतो. पात्रतेने तो श्रेष्ठ, अनुभवाने ती श्रेष्ठ. नोकरी तिची कायम, त्याची कंत्राटी. अशा वेळी दोघांनी मिळून काम कसे वाटून घ्यावे याची चर्चा घडवून आणणे हे कोणाचेच काम नसेल, तर अबोला हाच मार्ग उरतो.

एका छपराखाली पाच प्रकारचे वेतन

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर प्राथमिक आरोग्य केंद्र ही एक विलक्षण संस्था आहे. मैदानी भागात तीस हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येसाठी एक केंद्र, त्याखाली पाच हजार किंवा तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा सर्वसाधारण निकष आहे. या छोट्याशा व्यवस्थेत वेतनाच्या किती तऱ्हा असाव्यात? काही कर्मचारी जिल्हा परिषदेच्या कायम सेवेत आहेत. काही अभियानाच्या कंत्राटावर आहेत. काम तेच, वेतन वेगळे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या उत्पन्नाचा एक भाग ठरावीक, तर दुसरा भाग कामगिरीवर अवलंबून. आशा कार्यकर्ती ही कर्मचारी नव्हेच, ती स्वयंसेविका. तिला कामागणिक मोबदला. २०१८ मध्ये केंद्र शासनाने नियमित कामांसाठीचा तिचा दरमहा मोबदला १,००० वरून २,००० रुपये केला. महाराष्ट्रात दीर्घ आंदोलनानंतर २०२४ च्या मार्च महिन्यात राज्याने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मान्य केली. तरीही तिच्या मिळकतीचा बराच भाग अमुक प्रसूती, अमुक लसीकरण, अमुक भेटी अशा तुकड्यांनीच येतो. अंगणवाडी सेविका तर निराळ्याच खात्याची. तिचे मानधन, तिचे वरिष्ठ आणि तिच्या नोंदवह्या सर्वच निराळे. आणि या सगळ्यांनी मिळून एका बालकाचे वजन वाढवायचे आहे!

समाईक कामाचा मोबदला तुकड्यांत वाटता येतो काय, हा अर्थशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. १९७२ मध्ये आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेम्सेट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी एक साधे उदाहरण दिले होते. दोन माणसे मिळून एक जड ओझे मालमोटारीत चढवतात. ओझे चढल्यावर त्यातले किती पहिल्याने उचलले आणि किती दुसऱ्याने, हे कसे सांगणार? जेथे उत्पादन असे संयुक्त असते, तेथे व्यक्तीचा वाटा अलग करून मोजणे जवळजवळ अशक्य होते. पुढे १९८२ मध्ये बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांनी अशा पथकांतील प्रेरणेचा प्रश्न गणिती काटेकोरपणे मांडला आणि १९९१ मध्ये पॉल मिलग्रोम यांच्या सहकार्याने आणखी एक महत्त्वाचा निष्कर्ष काढला. एकाच माणसाकडे अनेक कामे असतील आणि त्यांतील काहीच कामे मोजता येत असतील, तर मोजता येणाऱ्या कामांवर मोबदला बांधताच न मोजता येणारी कामे मागे पडतात. माणूस आळशी असतो म्हणून नव्हे, तर त्याचा वेळ मर्यादित असतो म्हणून.

आरोग्य केंद्रात नेमकी न मोजता येणारी कामेच मोलाची असतात. भेटीची संख्या मोजता येते. भेटीत सासूची समजूत घातली गेली की नाही, हे मोजता येत नाही. दवाखान्यात पोहोचवलेल्या गरोदर स्त्रीची नोंद होते. तिच्या पायांवर सूज आहे हे आशेने सेविकेला आदल्या आठवड्यात सांगितले होते, याची नोंद कुठेच होत नाही. सहकाऱ्याला वेळेवर दिलेला निरोप, नव्या माणसाला शिकवलेली युक्ती, आजारी सहकारिणीचे सांभाळून घेतलेले सत्र, ही पथकाला पथकपण देणारी कामे आहेत आणि त्यांना मोबदल्याच्या तक्त्यात स्थान नाही.

उलट, मोबदला आणि उद्दिष्टे व्यक्तीगणिक बांधली की सहकारी हा प्रतिस्पर्धी होतो, याचा अनुभव महाराष्ट्राने पूर्वीच घेतला आहे. कुटुंबनियोजन शस्त्रक्रियांची उद्दिष्टे ठरवून दिली जात, त्या काळात आरोग्य कर्मचारीच नव्हे तर तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षकही ‘केस’ मिळवण्यासाठी धावत, आणि एकाच दाम्पत्यावर दोघांचा हक्क सांगितला जाई. १९९६ मध्ये ती उद्दिष्टपद्धती देशभर मागे घेण्यात आली. परंतु तिने रुजवलेली वृत्ती मात्र परिपत्रकाने मागे घेता आलेली नाही.

वातावरण म्हणजे नेमके काय?

सहकार्याचे वातावरण मोजता येते काय? ब्रिटनमधील नील अँडरसन आणि मायकेल वेस्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात त्यासाठी एक प्रश्नावली तयार केली आणि ती आरोग्यसेवेतील पथकांसाठी अनेक देशांत वापरली गेली. त्यांच्या मांडणीत चार गोष्टी आहेत. पहिली, उद्दिष्ट सर्वांना सारखेच कळलेले आणि मान्य असणे. दुसरी, निर्णयात सर्वांचा सहभाग असणे आणि बोलताना भीती न वाटणे. तिसरी, कामाच्या दर्जाविषयी एकमेकांकडे आग्रह धरणे. चौथी, नवी कल्पना सुचली तर तिला केवळ शाब्दिक नव्हे, तर प्रत्यक्ष पाठबळ मिळणे.

ही चार मापे घेऊन आपल्याकडील एखाद्या केंद्राच्या मासिक सभेत डोकावून पाहावे. वैद्यकीय अधिकारी मेजामागे बसलेले असतात. समोर सेवक-सेविका, त्यांच्या मागे गटप्रवर्तक आणि सर्वांत मागे, खुर्च्या अपुऱ्या पडल्या तर सतरंजीवर, आशा. आकड्यांचे वाचन सुरू होते. अमुक गावात नोंदणी कमी का? अमुक उपकेंद्राचे बाळंतपणाचे काम मागे का? ज्याचा आकडा कमी त्याला उभे केले जाते. इतर जण मान खाली घालून आपली पाळी टळो अशी प्रार्थना करीत असतात. दोन तासांनी सभा संपते. या दोन तासांत वरून खाली प्रश्न गेले आणि खालून वर आकडे आले. एका सेविकेने दुसरीला काही विचारले असे एकदाही घडले नाही. ही सभा म्हणजे हजेरी झाली, विचारविनिमय नव्हे. अर्थात, सर्वच केंद्रांत असे घडते असे नाही. परंतु ज्यांनी अशा सभा पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

भीतीचा परिणाम काय होतो याचे एक उद्बोधक उदाहरण अमेरिकेतील एमी एडमंडसन यांच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळते. चांगले संघटित असलेल्या परिचारिका-पथकांकडून औषध देण्यातील चुका कमी होत असतील, अशा अपेक्षेने त्यांनी रुग्णालयांतील विभागांची पाहणी केली. आकडे उलटेच निघाले: चांगल्या पथकांत नोंदलेल्या चुका अधिक होत्या. अधिक खोलात गेल्यावर कारण उमगले. त्या विभागांत चूक कबूल करता येत होती; इतरत्र ती दडपली जात होती. आकड्यांवर राज्य करणाऱ्या कोणत्याही खात्याने हा धडा गिरवून ठेवण्यासारखा आहे. ज्या केंद्राच्या कागदावर एकही उणीव नाही, त्या केंद्राला शाबासकी देण्यापूर्वी तेथे माणसे बोलू शकतात काय, हे तपासले पाहिजे.

पायरी, जात आणि स्त्रीचा आवाज

याही पुढे जाऊन एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. आपल्याकडील आरोग्यपथकाची उतरंड ही केवळ पदांची उतरंड नाही. वर शहरात शिकलेला, बहुधा सधन घरातला डॉक्टर. खाली त्याच गावातली, अल्प शिक्षण लाभलेली, अनेकदा वंचित जातीतली स्त्री. गावाची खरी माहिती तिच्याकडे आणि निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे. या दोहोंमध्ये जर संकोचाची भिंत असेल, तर माहिती निर्णयापर्यंत पोहोचतच नाही. “साहेब, त्या बाईचे लक्षण मला ठीक दिसत नाही,” हे वाक्य उच्चारण्यापूर्वी जिला दहादा विचार करावा लागतो, तिच्या त्या दहा विचारांत एखादीचा जीव जातो.

ही भिंत पाडता येते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावोगावच्या साध्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्या प्रयोगाचे मर्म केवळ प्रशिक्षणात नव्हते. या स्त्रिया ठरावीक दिवशी केंद्रावर एकत्र येत, मुक्काम करीत, आपापल्या गावातील अनुभव मांडीत, परस्परांकडून शिकत. डॉक्टर व परिचारिका त्यांच्याबरोबर बसत. जातीची बंधने एकत्र राहण्या-जेवण्यातून सैल झाली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या कार्याबद्दल. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गावातील आरोग्यदूत स्त्रियांच्या हाती नवजात बालकांची घरच्या घरी काळजी सोपवली. ३९ गावांतील त्या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचा अधिकार गावातल्या स्त्रीला देणे, यासाठी औषधाइतकाच विश्वासही लागतो.

या प्रयोगांना स्वयंसेवी संस्थांची लवचीकता आणि असामान्य नेतृत्व लाभले होते, शासनाला ते कसे जमणार, असा आक्षेप येतो. तो अगदीच निराधार नाही. परंतु ब्राझीलने १९९४ पासून हाच विचार शासकीय पातळीवर राबवला. तेथे डॉक्टर, परिचारिका, साहाय्यक परिचारिका आणि वस्तीतील आरोग्य कार्यकर्ते यांचे एक पथक काही हजार लोकवस्तीच्या नेमून दिलेल्या कुटुंबांना जबाबदार असते. कार्यक्रम वाटून दिलेले नाहीत. कुटुंबे सोपवलेली आहेत. फरक वरवर लहान दिसतो, पण पथकाचे सारे मानसशास्त्र त्यात सामावलेले आहे. ‘माझा क्षयरोग, तुझे लसीकरण’ या भाषेऐवजी ‘आपली घरे’ ही भाषा त्यातून जन्माला येते.

आक्षेप आणि त्यांची किंमत

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पदे रिक्त असताना आणि डॉक्टर वर्षभरात निघून जात असताना वातावरणाची चर्चा ही चैन आहे. वस्तुस्थिती अशी आहे की, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेला तरुण डॉक्टर बंधपत्राचे एक वर्ष भरण्यासाठी केंद्रावर येतो. त्याला सहकाऱ्यांची नावे पाठ होईपर्यंत त्याचा निघण्याचा दिवस उजाडतो. दर वर्षी नायक बदलणारे पथक हे पथकच नव्हे. म्हणून स्थैर्य ही सहकार्याची पूर्वअट आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु उलट दिशेनेही कारणपरंपरा चालते. जेथे माणसाला एकटे पडल्यासारखे वाटते, चूक झाली तर सर्व खापर आपल्या माथी फुटेल अशी धास्ती असते, तेथून माणूस संधी मिळताच निघून जातो. रिक्त पदांचे एक कारण वेतन आहे; दुसरे कारण हा एकटेपणा आहे.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. माणसे फार एकजुटीची झाली तर ती एकमेकांना पाठीशी घालतील, गैरहजेरी लपवतील, नोंदी संगनमताने रंगवतील. असे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘सांभाळून घेणे’ हा आपल्या कार्यालयीन संस्कृतीतील जुना आजार आहे. परंतु अँडरसन-वेस्ट यांच्या चार मापांतील तिसरे माप नेमके याचसाठी आहे. गोडीगुलाबी म्हणजे सहकार्य नव्हे. ज्या पथकात सहकारी एकमेकांच्या कामाच्या दर्जाविषयी परखडपणे बोलू शकतात, तेच खरे पथक. भीती आणि संगनमत ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत: वरिष्ठाच्या भीतीनेच कनिष्ठ एकमेकांच्या चुका झाकू लागतात.

सावडीचा हिशेब

महाराष्ट्राच्या खेड्यांना सहकार्याची एक जुनी रीत ठाऊक आहे: सावड. ज्याच्याकडे पुरेशी माणसे नाहीत असे चार शेतकरी आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या रानात मिळून राबतात. तेथे मजुरी नसते, पण हिशेब नसतो असे मात्र नाही. कोण किती दिवस आला हे प्रत्येकाच्या मनात पक्के असते. ही रीत चालते ती तीन गोष्टींवर: सगळे साधारण एका पायरीवर असतात, उद्याही एकत्र राहायचे आहे याची खात्री असते, आणि पेरणी चुकली तर सर्वांचेच नुकसान हे प्रत्येकाला दिसत असते. सावड आदेशाने सुरू करता येत नाही. पण या तीन अटी मोडून ती बंद मात्र पाडता येते. आरोग्य केंद्रांत आपण नेमके तेच केले आहे.

तर मग करावे काय? नव्या योजनेची घोषणा करण्याची गरज नाही; आहे त्याच चौकटीत पुष्कळ करता येईल. गावातील आशा, आरोग्य सेविका आणि अंगणवाडी सेविका या तिघींच्या तीन याद्यांऐवजी कुटुंबवार एकच यादी असावी आणि ग्राम आरोग्य व पोषण दिनाच्या शेवटी तिघींनी अर्धा तास बसून ती पडताळावी. मासिक सभेचा पहिला तास आकड्यांसाठी नव्हे, तर अडचणींसाठी राखून ठेवावा आणि बोलण्याची सुरुवात सर्वांत मागे बसणाऱ्या आशेपासून व्हावी. मातामृत्यूच्या अन्वेषणात दोष कोणाला द्यायचा नाही, तर कारण शोधायचे, हे तत्त्व मार्गदर्शक सूचनांत अगोदरच मान्य झालेले आहे. तेच तत्त्व लहानसहान चुकांनाही लागू करावे. कामगिरीवरील मोबदल्यातील एक भाग संपूर्ण पथकाला मिळावा, हे तत्त्व आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या योजनेत आले आहे. तो भाग नाममात्र न राहता अर्थपूर्ण व्हावा आणि वेळेवर हाती पडावा. समुदाय आरोग्य अधिकारी, सेविका आणि आशा यांचे प्रशिक्षण वेगवेगळ्या सभागृहांत वेगवेगळ्या दिवशी न होता, वर्षातून एकदा तरी एकत्र व्हावे. आणि पुढील उपचारासाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाचे काय झाले, याचा निरोप पाठवणाऱ्या सेविकेपर्यंत परत यावा. प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेकडे आणि ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, ही प्रशासकीय सोय रुग्णाच्या आड येता कामा नये.

यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही. लागतो तो वेळ, आणि वरच्या पायरीवरच्या माणसाची थोडे खाली उतरण्याची तयारी. म्हणूनच बहुधा हे होत नाही. इमारतीला उद्‌घाटन असते, रुग्णवाहिकेला हिरवा झेंडा असतो. दोन माणसांतला अबोला मिटला याचा समारंभ करता येत नाही आणि त्याची छायाचित्रे छापून येत नाहीत.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा कार्यकर्त्यांचा जागतिक पातळीवर गौरव केला. कोविडच्या काळात त्यांनी जे केले त्याला तो गौरव साजेसाच होता. पण जिनिव्हात ज्यांचा सत्कार झाला त्यांना आपल्या केंद्राच्या सभेत बसायला खुर्ची आणि बोलायला पाच मिनिटे मिळतात काय, हा प्रश्न त्या गौरवानेही सुटलेला नाही. कुपीतील लस चार तास टिकते. तेवढ्या अवधीत सात-आठ माणसांनी एकमेकांवर विसंबून काम करावे लागते, आणि तो विसंबा चार तासांत निर्माण होत नाही. तो वर्षानुवर्षे जोपासावा लागतो. त्याच्या जोपासनेची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात नसली, तरी तिच्या अभावाची किंमत दर वर्षी कोणत्या ना कोणत्या घरात मोजली जातच असते.